आपले उपकरण आठवले गेले आहे

३ एप्रिल, गुरुवार

—आणि घमेलं उपडं केलं. सगळी वाळू त्याच्यावर. तरी आत फोन फुसफुसत होता. पळत जाऊन शेजारच्या ढिगातून आणखी एक घमेलं आणलं. मग आवाज थांबला. धूर येतच राहिला. पातळ, पांढरा, घशाला झोंबणारा.

वाकळ अर्धी जळाली. बाज ओढून बाजूला घेतली ती मी की आईने, आठवत नाही. अण्णा बाजेवरच होते. ओढताना त्यांचं वजन जाणवलं नाही.

एस.टी.तून उतरून गल्लीत वळले तेव्हाच धूर दिसला होता. वाटलं, आईने चूल पेटवली. एवढ्या उन्हात चूल कशाला—इतकंच मनात आलं. चालत आले. पळाले नाही.

अण्णांच्या डाव्या हाताची बोटं आणि तळवा भाजला. उजवी मांडी. मांडीचं त्यांना कळलंही नसेल. हिवाळ्यात झटका आला तेव्हापासून ती बाजू मेली आहे.

फोन मांडीवर होता. नेहमी तिथेच असतो. झटक्याने वाचा गेली, तेव्हा मीच त्यात चित्रं भरून दिली. चित्रावर बोट ठेवलं की माझा आवाज बोलतो. पाणी. चहा. दुखतंय. नको. अण्णा त्यातूनच बोलायचे.

आई सांगते, "म्या आत व्हते. फोन चहा चहा करत व्हता. म्हनलं, ठिवलाय, दम धरा जरा."

चहा! माझ्या आवाजात.

४ एप्रिल, शुक्रवार

लोहाऱ्याचा दवाखाना. मलम, पट्टी, सुई. हाताला मोठी पट्टी, चेंडूसारखी.

केसपेपरच्या खिडकीत मी सुट्टे शोधत होते. आतल्या मुलाने आईला विचारलं, "पेशंटचं नाव?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"आजी, नाव सांगा की. मागं लाईन हाय."

"हिला इचार. हिच्या बापाचं नाव हाय."

"आन् तुमचे कोन लागत्यात?"

मागच्या बायका हसल्या. आईने पदर तोंडाशी धरला. "म्या कसं घेऊ," म्हणाली. मी पुढे होऊन सांगितलं. व्यंकट.

आईच्या तोंडून हे नाव मी आजवर ऐकलेलं नाही. देव सोडले, उपास सोडले. कुंकवाचाही हट्ट तिने कधी धरला नाही. एवढं मात्र धरून ठेवलं आहे. अण्णाही तिचं नाव घेत नसत.

डॉक्टर पट्टी बांधताना म्हणाले, "बाबा, फेकून द्यायचा ना लगेच. धरून कशाला बसलात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांना माहीत होतं. सांगायला फोन उरला नव्हता.

५ एप्रिल, शनिवार

'आग' हा शब्द मी भरला नव्हता. 'धावा' हाही नाही.

६ एप्रिल, रविवार

घर फार शांत आहे.

अण्णा तेरणेच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. फोन नव्हते तेव्हा. पाटाचं दार उघडलं की बांधावर उभं राहून हाक द्यायचे—पाणी आलं रं! माकणीच्या शिवारात ती हाक कुठून कुठे जायची! उसातली माणसं उठून खोरं घ्यायची. मी शाळेतून ओळखायचे, आज अण्णा कुठल्या पाटावर आहेत.

त्या माणसाला मी शब्द निवडून दिले. पाणी, चहा, भाकरी, औषध, संडास, पंखा, ऊन, दुखतंय, होय, नको. हाकेला दीक्षा आणि सरू, म्हणजे मी आणि आई. मराठी शिकवते म्हणून शब्द निवडण्याचं काम आपलं, असं धरून चालले. अण्णांना विचारलं नव्हतं. ते सांगणार तरी कसे होते?

आई आता एकेक विचारत जाते. "पानी? चहा? कूस बदलायचीय? मग काय पायजे?" अण्णा डोळे मिटून घेतात.

७ एप्रिल, सोमवार

कॉलेज सुटल्यावर वीरप्पाच्या दुकानात गेले. फोन त्याच्याकडूनच घेतला होता. जळकं ढेकूळ डब्यात घालून नेलं. डब्याकडे बघून तो दोन पावलं मागे सरला.

"म्याडम, हे मॉडेल तर कंपनीनं परत मागवलंय की! म्हैना झाला. बॅटऱ्या फुगायल्यात. तुमाला मेसेज न्हाय आला?"

आला होता.

मला पाठ आहे तो. प्रिय ग्राहक, आपले उपकरण आठवले गेले आहे. सुरक्षित बदलीसाठी खालील दुव्यावर दाबा.

अण्णांच्या फोनवर आला होता. आईला वाचून दाखवला तर म्हणाली, "बदली? कुनाची बदली झाली गं?" मी हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिला. विषय—भाषांतर. एक पोरगी म्हणाली, "म्याडम, कंपनीला आपली लई आठवण येतीय!" वर्ग हसला. दुव्यावर दाबू नका, असले मेसेज फसवे असतात, हेही शिकवून टाकलं. मग फळा पुसला.

इंग्रजीत तो एकच शब्द आहे, रिकॉल. आठवणे, आणि परत बोलावणे. यंत्राने पहिला अर्थ उचलला. मी चूक ओळखली. शब्दांतली.

वीरप्पा म्हणाला, "बदलून नवा देत्यात. म्या नोंद करतो. त्येवढं ढेकूळ मात्र हितं नका ठिवू."

८ एप्रिल, मंगळवार

फळ्याजवळ उभं राहवेना. वाचन दिलं आणि खुर्चीत बसून राहिले.

११ एप्रिल, शुक्रवार

कंपनीच्या नंबरवर फोन लागला. मुलगी पुण्याची असावी. फार गोड बोलली.

"मॅम, आम्हाला अत्यंत खेद आहे. बदललेलं उपकरण पूर्णपणे सुरक्षित आहे."

"तेच मॉडेल देणार?"

"हो मॅम, पण बॅटरी नवीन उत्पादकाची आहे."

"पहिलाही सुरक्षित आहे असंच खोक्यावर लिहिलं होतं."

"बदललेलं उपकरण पूर्णपणे सुरक्षित आहे, मॅम."

"तुम्ही वापरता का तो?"

ती थांबली. मागे दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते, सगळ्या तेच वाक्य म्हणत होत्या. मग ती हळू म्हणाली, "माझा दुसरा आहे, मॅम." आणि लगेच, "आणखी काही मदत करू शकते?"

तिचा राग आला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक संध्याकाळी आमच्या दारावरून गेली. डीजेने पत्रे हादरत होते. दाराशी आल्यावर पोरांनी एकदम आवाज बंद केला. पुढचा ओरडला, "व्यंकटआज्जा, जयभीम!" सगळे उभे राहिले. अण्णांनी पट्टीचा हात वर केला. पांढरा चेंडू हवेत. ओठ हलले, आवाज आला नाही. पोरं वाट बघत थांबली, मग कुणीतरी खूण केली आणि मिरवणूक पुढे गेली.

आई आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी घासून झालेलीच होती.

१७ एप्रिल, गुरुवार

नवा फोन आला. खोक्यावर हिरवा गोल कागद, त्यावर 'सुरक्षित'. सोबत छापील माफी. या वेळी मराठी शुद्ध आहे. कुणीतरी माणसाने लिहिलेलं.

अण्णांना दाखवला. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

१८ एप्रिल, शुक्रवार

अंगणात शहाबादी फरशीवर घमेल्यात वाळू घातली, वाळूत फोन, लांबून वायर. चार्जिंग सुरू केलं आणि सावलीत बसून राखण केली. आई म्हणाली, "कोंबडी अंड्यावर बसल्यावानी बसलीयस की!"

हात लावला. कोमट. पण एप्रिलात माकणीत काय कोमट नसतं? उंबरा तापतो, तांब्या तापतो, बाजेचा लोखंडी पाय तापतो. फोन तापला तर त्याचा दोष की उन्हाचा?

वीरप्पाला विचारलं. "बदलून दिल्याला बी एक फुगला म्हनत्यात, सोलापूरकडं. खरं-खोटं माहीत न्हाय. म्या काय सांगू म्याडम? चांगला असंल बी."

द्यावा की नाही? दिला तर पुन्हा तेच होईल. नाही दिला तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल. रोज जरा जास्त वेळ बघतो. काल आईने भाकरी कुस्करून दिली तर तोंड उघडलं नाही. नको आहे, की दुखतंय, की दूध जास्त झालं—कळायला मार्ग नाही. आई ताट घेऊन बसून राहिली.

ठरवलं. चार्जिंग अंगणात, वाळूत, माझ्यासमोर. दिवसा हातात द्यायचा. मांडीवर नाही, बाजेशेजारच्या स्टुलावर. झोपताना काढून घ्यायचा.

२० एप्रिल, रविवार

जुन्या फोनबरोबर आवाजही गेले. पुन्हा भरायचे. मनात आलं, या वेळी पुरुषाचा आवाज घ्यावा. सत्तरीतल्या माणसाने मुलीच्या आवाजात पाणी का मागावं?

शेजारच्या धोंडीबाकाकांना बोलावलं. अण्णांचे जुने सोबती, कालव्याखाली त्यांचं रान. फोन बघून आधी टोपी नीट केली. "फोटू बी निघतोय का?" मग असे ओरडले की कोंबड्या उडाल्या—"चहाऽऽ!"

"काका, हळू. आई चार हातांवर असते."

"हळू मागितल्यावर कोन बाई देती का चहा?"

अण्णा हसले. अर्ध्या तोंडाने हसले! आगीनंतर पहिल्यांदा.

पण आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. काका गेल्यावर म्हणाली, "त्या बाबाचा आवाज घरात नको. न्हानीत असले आन् तिकडनं त्यो वरडला तर? पुसून टाक ते."

पुसून टाकलं.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी ओसरीवर आई शेंगा फोडत होती. मी कागदावर नवे शब्द लिहीत होते. मोठ्याने म्हणाले, या वेळी सगळ्यात वर 'आग' आणि 'धावा' घालते.

आई म्हणाली, "घाल." मग आणखी एक शेंग फोडून, "त्यानं काय व्हनार हाय?"

"म्हणजे?"

"चहा न्हवता म्हनत त्यो."

"कोण?"

"फोन. त्या दिशी. चहा न्हवता म्हनत." शेंगा फोडायचं थांबली नाही. "माझं नाव घेत व्हता. सरू, सरू, सरू. तुझ्या आवाजात."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"मला वाटलं बोट अडकलंय. न्हायतर यंत्र बिघडलंय. त्येंनी मला कधी नावानं हाक मारलीय का? जलमात न्हाय. 'अगं ए' म्हनायचे. पाटावरनं 'अगं ए' म्हनले तरी मला घरात कळायचं. आन् ह्यो फोन, पोटच्या पोरीच्या आवाजात, सरू सरू! गल्ली ऐकती. लाज वाटायची मला. तुला कसं सांगू, तू हौसेनं भरलं व्हतंस."

"मग तू काय केलंस?"

"आतनं वरडले. म्हनलं, गप करा त्याला."

टरफलं गोळा केली, पदरात घेतली, उठली. दारात थांबून म्हणाली, "तुला खोटं बोलले."

२२ एप्रिल, मंगळवार

म्हणून अण्णांनी फेकला नाही. जळत होता तरी दाबत राहिले.

'सरू' भरताना मी अडले होते, आठवतं. 'आई' घातलं तर नवरा बायकोला आई म्हणतो असं होईल. 'बायको' तर हास्यास्पद. नाव हा साधा तोडगा. म्हणायला जीभ रेटेना, आईचं नाव असं तोंडावर कधी घेतलं नव्हतं. तरी म्हटलं. काम झालं असं वाटलं.

त्यांची हाक मला ठाऊक होती. लहानपणापासून रोज ऐकलेली. तो शब्द आहे हेच सुचलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

परसात टाकीआड उभी राहून भरलं. अगं ए.

किती वेळा पुसलं! 'अगं' माझं येतं. 'ए' त्यांचं येत नाही. त्यांचा 'ए' खाली सुरू होऊन वर जायचा, आणि शेवटी थोडा तुटायचा. डोळे मिटून, ते बांधावर उभे आहेत असं धरून म्हटलं. एकदा जवळपास आला. तोच ठेवला.

अण्णांच्या पट्टीतून आता बोटांची टोकं बाहेर आहेत. स्टूल बाजेला लावलं. चित्राऐवजी नुसता पिवळा चौकोन ठेवला आहे. कशाचं चित्र काढणार? त्यांचं बोट धरून त्यावर टेकवलं.

अगं ए!

परसातून आई—"आले!"

लगेच. विचार न करता. मग तिकडे सगळं थांबलं, बादलीत पाणी तेवढं पडत राहिलं. आई दारात आली. हात ओले, कोपरापर्यंत साबण. अण्णांकडे बघत उभी.

"काय पायजे?"

अण्णांना काही नको होतं. पुन्हा दाबलं.

"हितंच हाय की!"

पुन्हा.

"आता काय डोसक्यावर बसू तुमच्या?" म्हणाली आणि बाजेच्या कडेला बसली.

मी परसात जाऊन नळ बंद केला.

२४ एप्रिल, गुरुवार

दिवसभर अगं ए. आई चिडते आणि येते. अण्णांनी भाकरी खाल्ली.

२५ एप्रिल, शुक्रवार

मांडीची जखम ओली झाली आहे. वास येतो. संध्याकाळी अंगात कणकण. ड्रेसिंगवाले म्हणाले, या वयात वेळ लागतो, लक्ष ठेवा.

फोन ठीक. वाळू रोज चाळते.

२६ एप्रिल, शनिवार

ताप चढला. लोहाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी धाराशिवला हलवा. धोंडीबाकाकांच्या पुतण्याची गाडी सांगितली आहे.

संध्याकाळी अण्णांच्या हातातून फोन घ्यायला गेले. गरम होता. कोमट नव्हे. मागचं झाकण एका कोपऱ्याला किंचित उचलल्यासारखं वाटलं. नख घालून पाहिलं. जातंही, जात नाहीही. पहिल्यापासून तसंच असेल का? पाहून ठेवलं नव्हतं.

वीरप्पाला विचारलं. "उगा जोखीम नका घेऊ म्याडम. बाजूला ठिवा. सोमवारी घिऊन या, उघडून बघू."

अण्णा सोडेनात. तीन-चार टोकं पट्टीतून बाहेर आलेली, त्यांनी धरून ठेवला होता. मी एकेक बोट सोडवलं. त्यांनी तेवढ्यातही पिवळा चौकोन दाबला. अगं ए.

आई शेजारीच बसली होती. "हाय की हितं," म्हणाली. मग मला, "ऱ्हाऊ दे की गं त्येंच्याजवळ."

"तापलाय तो, आई."

"त्येंचं अंग बी तापलंय."

"पुन्हा पेटला तर?"

आईने हात बाजूला घेतला. मग अण्णांच्या कानाजवळ वाकून, जरा मोठ्याने, "म्या हितंच खाली अंथरून टाकते. हात जरी हलवला तरी उठंल. काय?"

फोन बंद केला. अंगणात घमेल्यात ठेवला, वर वाळू ओतली. परत आत आले तेव्हा अण्णा दाराकडे बघत होते. भिंतीकडे नाही. दाराकडे.

उद्या गाडीत बसताना पाहू. गार झाला असेल तर सोबत घेईन.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी आईच्या आवाजाने जाग आली. ती अण्णांना नावाने हाक मारत होती.

व्यंकट. नुसतं नाव. पुन्हा पुन्हा, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

फोन वाळूत होता, ठेवला तसाच. गार.